प्रश्न क्रमांक सात

समितीची प्रश्नावली, एकतीस प्रश्नांची.
प्रत्येकापुढे पाच चौकोन,
'पूर्णतः सहमत'पासून 'पूर्णतः असहमत'पर्यंत,
आणि मधोमध, पंख्याखालची जागा धरून बसल्यासारखा,
'सांगता येत नाही'.
एप्रिल. सोलापूर. बेचाळीस अंश.
कागद उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर
मी शेंगाचटणीचा डबा ठेवला होता
आणि विभागाविभागांतून हिंडत होते
वैद्यकीय विद्यापीठाची ऑनलाइन सिद्धता मोजत.

बिदरकर सर, बत्तीस वर्षं फळ्याजवळ.
दोन हातांत दोन खडू घेऊन
एकाच वेळी दोन्ही फुप्फुसं काढणारे.
त्यांनी कॅमेऱ्यासमोर हृदय काढलं
आणि त्याचं टोक पडद्यावर भलत्याच बाजूला वळलं.
सेटिंग कुणाला सापडेना.
चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, सर, डेक्स्ट्रोकार्डिया?
सर हसले नाहीत.
रात्री आरशासमोर उभे राहून
उलटं काढायचा सराव करत होते म्हणे.
'मला तंत्रज्ञान सहज वाटते' याच्यापुढे
त्यांनी खूण केली नाही,
पेन्सिलीने छोटंसं हृदय काढलं,
बरोबर बाजूला.

विच्छेदनगृहात मल्लिनाथ शिवशरण.
त्याच्यासाठी फॉर्मच नव्हता.
'काय मोजायलाव मॅडम?'
'तयारी.'
त्याने टाकीचं झाकण लावलं, हात धुतले, परत धुतले.
'बॉडीला रेंज लागत नाही बगा.
पहिल्या दिवशी ज्या पोराचा हात थरथरतो
त्याच्या मागं मी नुसता उभा राहतो.
बोलत नाही काय.
ते कसं पाठवणार?'
मी त्याला एक कोरा फॉर्म दिला.
त्याने सावकाश, अंगठ्याने रेघ धरून भरला.
तो कशाला जोडायचा
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रश्न क्रमांक सात:
'अभ्यासासाठी माझ्या घरी शांत जागा आहे.'
लावण्या गड्डम, दुसरं वर्ष,
अशोक चौकामागं बोळाच्या टोकाला,
खाली चार यंत्रमाग, वर एक खोली,
खोलीत विड्या वळणारी आई
आणि तेंदूपानांच्या गठ्ठ्याला टेकवलेला मोबाइल.
उत्तर: पूर्णतः सहमत.
मी फोन केला. पलीकडे खटखट, खटखट,
त्यातून आडव्या धाग्यासारखा येणारा तिचा आवाज:
'हे मला ऐकूच येत नाही मॅडम.
बंद पडलं की दचकते.
बंद पडलं म्हणजे लाइट गेली,
लाइट गेली म्हणजे राउटर गेला.
आमच्याकडं शांतता आणि नेट
एका वेळी येत नाहीत.'

शेवटी 'इतर सूचना', दोन रेघा.
बहुतेकांनी कोऱ्या सोडल्या.
एकाने लिहिलं, परीक्षापण घरूनच घ्या.
लावण्याने लिहिलं होतं:
रात्री आठला मागावरची पाळी बदलते.
दहा मिनिटं. लाइट असते.
हृदयाचे आवाज तेव्हा शिकवाल का?

सरासरी आली तीन पूर्णांक दोन.
अहवालात मी लिहिलं, विद्यापीठ मध्यम सिद्ध.
वरून कागद परत आला तेव्हा
'मध्यम' खोडून कुणी 'बऱ्याच अंशी' केलं होतं.

गुरुवारी आठला दोन मिनिटं कमी.
स्टेथोस्कोपच्या नळीत माइक खुपसला,
चिकटपट्टीने गुंडाळला,
चकती माझ्याच छातीवर धरली.
एकशे अठरा नावं, सगळे कॅमेरे बंद.
'आवाज येतोय का?'
कुणी बोललं नाही.
एका चौकोनातून नुसती खटखट, खटखट,
मग तीही थांबली.
लब. डब.
मी श्वास रोखून धरलेला.
चॅटमध्ये एक ओळ उमटली:
येतोय मॅडम. थोडा फास्ट आहे.